हेल्मेट-हार्नेस घातलं म्हणून पाय पुढे पडतोय का? ट्रेकला जाताना हे असं तपासा

सह्याद्रीत कुठल्याही रविवारी बघा, कड्याच्या टोकापासून जो मुलगा साध्या कपड्यात चार फूट मागे उभा राहिला असता तोच डोक्यावर हेल्मेट आणि कमरेला हार्नेस आला की टोकावर जाऊन फोटो काढतो. आणि काळजीची गोष्ट ही की त्या वेळी तो हार्नेस कशालाच जोडलेला नसतो, ना रोप ना अँकर (रोप बांधायचा पक्का आधार), नुसता कमरेला आवळलेला पट्टा. पण अंगावर काहीतरी आहे एवढ्यानेच भीती कमी होते आणि भीती कमी झाली की पाय पुढे जातो.

याला रिस्क कॉम्पेन्सेशन म्हणतात आणि यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे. १९७५ साली शिकागो विद्यापीठातल्या सॅम पेल्ट्झमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने मांडलं की गाड्यांमध्ये सुरक्षेची साधनं आली की चालवणारे जास्त बेफिकीर चालवतात आणि फायदा खाऊन टाकतात. पुढे जर्मनीत म्युनिकच्या टॅक्सींवर अभ्यास झाला, काही गाड्यांना एबीएस ब्रेक (जोरात दाबले तरी चाक अडकू न देणारे) होते काहींना नव्हते, तर एबीएसवाल्या गाड्यांचे अपघात काही कमी झाले नाहीत कारण ते ड्रायव्हर वळणं जास्त जोरात घ्यायला लागले होते. २०१६ मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात तर याहून वेगळा प्रयोग झाला, लोकांना कॉम्प्युटरवर फुगा फुगवण्याचा खेळ दिला, जास्त फुगवला तर जास्त पॉइंट पण फुटला की गेले, आणि डोळ्यांची हालचाल मोजायचं यंत्र बसवतोय असं सांगून काहींच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट दिलं, काहींना साधी कॅप. हेल्मेटवाल्यांनी जास्त धोका पत्करला. फुग्याचा आणि हेल्मेटचा काय संबंध सांगा, फुगा फुटून डोकं थोडंच फुटणार होतं! या प्रयोगावर नंतर आक्षेपही घेतले गेले, ते धरूनही मला तो महत्त्वाचा वाटतो कारण डोंगरात मी हेच होताना बघतो, हेल्मेट डोक्यावर असतं आणि बेफिकिरी पायात येते.

पण एक आधीच सांगतो, हे वाचून कोणी हेल्मेट घरी ठेवू नका. पेल्ट्झमनचं म्हणणं पूर्ण खरं असतं तर सीटबेल्टने माणसं वाचलीच नसती, आणि ती वाचली आहेत, यात आता काही शंका राहिलेली नाही. साधनं वाचवतात. फक्त त्यांनी दिलेली जादा सुरक्षितता आपण खिशात ठेवतो की लगेच खर्च करून टाकतो हा प्रश्न आहे, आणि तो खर्च आपल्याला न कळता होतो म्हणून तो थांबवायची काहीतरी ठरलेली पद्धत हवी. मी जी पद्धत वापरतो आणि बॅचमधल्या मुलांना शिकवतो ती खाली लिहितोय.

सॅक भरतानाच सामानाचे तीन ढीग करा

सगळं सामान जमिनीवर मांडा आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारा, ही नेमकी करते काय? पहिल्या ढिगात जाईल ते जे तुम्हाला पडूच देत नाही किंवा पडलात तर धरून ठेवतं, म्हणजे रोप, हार्नेस, कॅरॅबिनर (जोडायची धातूची कडी), अँकरचं सामान, बिले डिव्हाइस (कोणी पडला तर रोप अडवून त्याला धरणारं साधन). दुसऱ्या ढिगात जे फक्त मार कमी करतं, हेल्मेट, लाईफ जॅकेट, नी कॅप, चांगले बूट, ग्लोव्हज. तिसऱ्या ढिगात जे काहीच अडवत नाही, फक्त दाखवतं, कळवतं किंवा नंतर कामाला येतं, मोबाईल, जीपीएस, हेडटॉर्च, शिट्टी, फर्स्ट एड.

आता नियम. कुठल्या वाटेने जायचं, पुढे जायचं की परत फिरायचं, हा निर्णय घेताना फक्त पहिला ढीग मोजायचा, आणि तोही पूर्ण असेल, तपासलेला असेल आणि वापरता येणारा माणूस सोबत असेल तरच. दुसरा आणि तिसरा ढीग सॅकमध्ये असायलाच हवा, पण निर्णयात त्याची किंमत शून्य धरायची. म्हणजे हेल्मेट आहे म्हणून दगड पडणाऱ्या नाळेत (दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत) शिरायचं नाही, टॉर्च आहे म्हणून उशिरा निघायचं नाही, फोनमध्ये ट्रॅक (आधी कोणी चालून नोंदवलेली वाट) आहे म्हणून वाटाड्या नको असं म्हणायचं नाही.

आणि वाटेत जिथे मन जरा खातं तिथे दहा सेकंद थांबून हा प्रश्न, शक्यतो मोठ्याने म्हणजे सोबतच्यांनाही ऐकू जाईल असा: हे अंगावर नसतं तर मी इथून पुढे गेलो असतो का? उत्तर हो असेल तर जा, सामान ही तुमची जादा शिल्लक आहे. उत्तर नाही असेल तर लगेच दुसरा प्रश्न, मग मी ज्याच्या भरवशावर जातोय ती वस्तू पहिल्या ढिगातली आहे का आणि आत्ता या क्षणी जोडलेली आहे का? नसेल तर परत फिरा.

लिंगाणा किंवा अलंग-मदन-कुलंग (एएमके) अशा कातळ चढून जायच्या किल्ल्यांवर हा पहिला प्रश्न विचारून उपयोग नाही असं कोणी म्हणेल, आणि बरोबरच आहे, तिथे रोपशिवाय जायचा विचारच नाही, उत्तर कायम नाहीच येणार. म्हणून तिथे सगळा भार दुसऱ्या प्रश्नावर येतो, आणि त्यासाठी रोपबद्दल थोडं सविस्तर.

रोप दिसला म्हणजे सेफ्टी झाली असं नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. निसरड्या उतारावर किंवा छोट्या पॅचवर (उभ्या कातळाच्या टप्प्यावर) लीडर एक रोप झाडाला बांधून खाली सोडतो आणि दहा-बारा जण एकाच वेळी तो हाताने धरून उतरायला लागतात. हा रोप तोल सांभाळायला ठीक आहे, पण तो पहिल्या ढिगात येत नाही हे डोक्यात पक्कं बसवा. ओल्या, चिखल लागलेल्या दहा-अकरा मिलिमीटरच्या रोपवर घसरत्या माणसाचं अख्खं वजन हाताने धरून राहणं फार थोड्यांना जमतं, आणि मधला एक घसरला की रोपला जो हिसका बसतो त्याने वरचे-खालचे दोघंही तोल घालवतात. म्हणून हाताने धरायच्या रोपवर एका टप्प्यात एकच माणूस, तो "रोप सोडला" असा आवाज देईल तेव्हाच पुढचा. आणि ज्या जागी तुम्हाला त्या रोपला लटकावं लागतंय, नुसतं धरून भागत नाहीये, तिथे हार्नेस आणि बिले लागतोच, तो नसेल तर ती जागा त्या दिवशी तुमच्यासाठी नाही.

दुसरं, स्टॅटिक आणि डायनॅमिक रोपमधला फरक. रॅपलिंगचा, म्हणजे रोपवरून कडा उतरायचा, रोप स्टॅटिक असतो, तो फारसा ताणला जात नाही, म्हणून उतरायला उत्तम. पण चढताना अँकरच्या वर जाऊन माणूस पडला तर तो धक्का शोषून घ्यायला डायनॅमिक रोपच हवा, त्याच्या युरोपियन चाचणीत ८० किलोचं वजन पाडून बघतात आणि पहिल्या पडण्यात धक्का १२ किलोन्यूटनच्या (एक किलोन्यूटन म्हणजे अंदाजे शंभर किलोचा भार) आत राहिला पाहिजे अशी अट असते. स्टॅटिकवर तसं पडलात तर रोप तुटणार नाही कदाचित, पण तो सगळा हिसका तुमच्या कमरेला आणि अँकरला बसेल. कॅरॅबिनरचंही तसंच. त्यावर बारीक अक्षरात आकडे कोरलेले असतात, लांबीच्या दिशेने साधारण २० ते २५ किलोन्यूटन आणि आडवा झाला किंवा गेट उघडं राहिलं तर तोच जेमतेम ७ ते १० पर्यंत खाली येतो. म्हणून लॉक फिरवलाय का हे डोळ्याने बघायचं, मग हाताने दाबून बघायचं, आणि मग जोडीदाराने तुमचं आणि तुम्ही त्याचं तपासायचं. अनुभवी माणसानेही, किंबहुना अनुभवी माणसाने तर आधी, कारण तो रोजचंच म्हणून बघत नाही.

कातळात आधीपासून ठोकलेले बोल्ट आणि कोणीतरी सोडून गेलेला रोप, या दोन गोष्टी तर मला सर्वात धोक्याच्या वाटतात. आपल्याकडे चार महिने नुसता पाऊस, मग ऊन, बोल्ट बाहेरून ठीक दिसतो आणि आत गंजलेला असतो, आणि काही ठिकाणचा कातळच कुजका असतो, हाताने तुकडे निघतात. कोणी ठोकला, कधी ठोकला माहीत नसेल तर तो बोल्ट नाही असं समजून स्वतःचा अँकर लावायचा, एकमेकांवर अवलंबून नसलेले निदान दोन. लटकत असलेल्या जुन्या रोपवर तर भरवसाच ठेवू नका, उन्हाने नायलॉन कमजोर होतो आणि वरून रंग उडाल्याशिवाय काही दिसत नाही.

पावसाळ्यात धबधब्यातलं रॅपलिंग हल्ली खूप चालतं, विहीगाव, भिवपुरी वगैरे ठिकाणी शनिवार-रविवारी रांगा असतात. तिथे जाणार असाल तर लीडरला एकच विचारा, दादा, मी मध्येच पाण्याच्या धारेत अडकलो, माझा टी-शर्ट किंवा केस डिसेंडरमध्ये (उतरताना रोपवरचा वेग आवरणाऱ्या साधनात) गुंतले, तर तुम्ही मला वरून खाली कसं सोडणार? चांगला लीडर लगेच दाखवेल, मेन रोप वरूनच सैल करून खाली सोडता येईल असा लावलाय, हा दुसरा बिलेचा रोप वेगळ्या अँकरवर आहे, हा माणूस त्यावर आहे. तो "काही होत नाही, रोज शंभर जण उतरतात" म्हणाला तर पैसे सोडा आणि खाली उभं राहून पावसाचा आनंद घ्या. धारेखाली लटकून राहिलेला माणूस पडत नाही पण त्याला श्वास घेता येत नाही, आणि हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकत राहिलं की पायात रक्त साचून काही मिनिटांतच माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणजे हार्नेसने आपलं काम चोख केलं आणि तरी जीव धोक्यात, हे आधी कोणी समजावून सांगत नाही.

हेल्मेटला किती झेपतं

गिर्यारोहणाच्या हेल्मेटची युरोपियन चाचणी अशी असते की ५ किलोचं वजन २ मीटरवरून त्यावर टाकतात आणि आतल्या डोक्यापर्यंत किती धक्का पोचतो ते मोजतात. याचा हिशोब केला तर १ किलोचा दगड १० मीटरवरून पडला की तेवढीच ऊर्जा होते. आपला बेसाल्ट जड असतो, १ किलोचा दगड म्हणजे मोठ्या मोसंबीएवढा. आणि १० मीटर म्हणजे तीन मजले. आता नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना दोन्ही बाजूंचे कडे किती उंच आहेत आठवा आणि वरून सुटणारे दगड मोसंबीएवढे असतात की कलिंगडाएवढे ते ठरवा. छोटे दगड, आपटणारं डोकं, घसरून कातळाला लागणारी कानशिलं, यासाठी हेल्मेट उत्तम आहे आणि ते घालाच. पण नाळेत दोन माणसांतलं अंतर, वरची बॅच पुढे गेल्यावरच खाली शिरणं, "दगड!" अशी हाक आली की वर न बघता कातळाला चिकटणं, हे हेल्मेट असतानाही तितकंच करायचं जितकं नसताना केलं असतं.

अजून एक, बांधकामावरचं पिवळं हेल्मेट आणि गिर्यारोहणाचं हेल्मेट यांच्या हनुवटीच्या पट्ट्यात मोठा फरक आहे. बांधकामावरच्या हेल्मेटचा पट्टा ठरावीक ताणाला सुटावा असाच केलेला असतो, हेल्मेट कुठे अडकलं तर गळा आवळू नये म्हणून. कड्यावरून गडगडताना मात्र हेल्मेट डोक्यावर राहायला हवं म्हणून त्याचा पट्टा टिकावा असा असतो. स्वस्तात मिळतं म्हणून काही ठिकाणी पिवळी हेल्मेट वाटतात, ती घातलेली दिसतात पण पहिल्या कोलांटीत डोक्यावर राहतीलच असं नाही. आणि बाईकचं हेल्मेट घालून ट्रेकला येणाऱ्यांनो, त्यात ऐकू कमी येतं, वरून "दगड" म्हटलेलं कळत नाही, प्लीज नको.

पाणी: इथे साधनं सर्वात जास्त फसवतात

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. पाणी बघता बघता वाढलं आणि ते मध्येच अडकले. असं काही झालं की सगळीकडे चर्चा सुरू होते, लाईफ जॅकेट द्या, रोप बांधा, रेलिंग लावा. माझं मत स्पष्ट आहे, वाहत्या पाण्याच्या बाबतीत साधनांनी माणसं पाण्याजवळ जास्त जातील आणि पाणी काही साधन बघून हळू येत नाही. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट, म्हणून गुडघाभर पाण्यातही धडधाकट माणसाचे पाय उचलले जातात. लाईफ जॅकेट तुम्हाला तरंगवतं, उभं ठेवत नाही. तरंगत तुम्ही कुठे जाणार, तर खाली, दगडांवर आणि पुढच्या धबधब्यावर. त्यात धबधब्याच्या पायथ्याचं पांढरं फेसाळ पाणी हवेने भरलेलं असतं, त्यात तेच जॅकेट कमी तरंगवतं.

जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो, म्हणजे ते किती तरंगवतं, तो वाचा. ५० न्यूटनचं हे पोहता येणाऱ्यासाठी मदतीपुरतं, शांत पाण्यात जिथे मदत जवळ आहे तिथे. बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवायची अपेक्षा असेल तर १५० लागतं. कुंडलिकेवर कोलाडला राफ्टिंग करता, तारकर्लीला बोटीत बसता, तिथे जॅकेट घाला, सगळे पट्टे आवळा आणि जोडीदाराला खांद्यावरून वर ओढून बघायला सांगा, कानापर्यंत वर सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार. आणि कोलाडचं जॅकेट भाड्याने आणून देवकुंडाला किंवा ताम्हिणीतल्या एखाद्या अनोळखी डोहात उतरू नका. राफ्टिंगला वीजकेंद्रातून सोडलेलं ठराविक पाणी असतं, गाईड असतात, खाली वाचवणारा माणूस उभा असतो, ती सगळी व्यवस्था मिळून सुरक्षा होते, त्यातलं एकटं जॅकेट उचलून नेलं तर ते नुसतं दुसऱ्या ढिगातलं सामान उरतं.

ओढा ओलांडताना कमरेला रोप बांधून पहिल्या माणसाला पाठवायची जी पद्धत अजून काही ग्रुपमध्ये आहे ती कृपा करून बंद करा. तो घसरला की काठावरचे ओढतात, रोप ताठ होतो आणि प्रवाह त्याला पाण्याखाली दाबून धरतो, सोडलं असतं तर निदान वाहत काठाला लागला असता. वाहत्या पाण्यात माणसाला पक्की गाठ मारून रोप बांधत नाहीत, हा नदीतल्या बचावकामाचा अगदी प्राथमिक नियम आहे. ओढ्यासाठी निर्णय आधीच करून ठेवा, सकाळी ओलांडताना काठावरचा एखादा दगड खूण म्हणून बघून ठेवायचा, परत येताना तो बुडालेला असेल तर ओलांडायचं नाही, गावात फोन करायचा, पाणी उतरेपर्यंत थांबायचं, गरज पडली तर रात्रभर. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत यायला लागल्या, आवाज जड झाला, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच बाहेर, तुमच्यावर ऊन पडलेलं असलं तरी. पाऊस वर पठारावर झालेला असतो.

फोन, ट्रॅक, टॉर्च

थोडक्यात सांगतो. डाउनलोड केलेला ट्रॅक कोणीतरी डिसेंबरमध्ये चालून रेकॉर्ड केलेला असतो, ऑक्टोबरात त्याच वाटेवर डोक्याएवढं गवत असतं. खोल नाळेत आणि दाट झाडीत लोकेशन बऱ्यापैकी चुकतं, आणि कड्याजवळ थोडंसं चुकणंही पुरे. म्हणून ट्रॅक असला तरी पायथ्याच्या गावात विचारायचं, मामा, यंदा वाट मोडलीय का, पाणी कुठवर आहे, आणि जमेल तिथे वाटाड्या घ्यायचाच, त्याच्या घरात चार पैसे जातात हेही चांगलंच.

टॉर्चमुळे परतीची वेळ पुढे ढकलली जाते हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता वेळ कागदावर लिहायला लावतो. किती वाजता माघारी फिरायचं ते आदल्या रात्री, टॉर्च नाही असं समजून ठरवा. हेडटॉर्च समोरची काही पावलं दाखवतो, धुक्यात तर पांढरी भिंतच दिसते, वाट कुठे संपते आणि कडा कुठे सुरू होतो ते दाखवत नाही.

आणि "काही झालं तर फोन करू" हा भरवसा. मदत येते, शिवदुर्ग मित्र लोणावळा, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स अशा संस्थांची मंडळी स्वतःची कामं टाकून, रात्री-अपरात्री, फुकट येतात. पण ती गाडीने येतात आणि मग तुमच्यासारखीच चालत डोंगर चढतात, नंतर स्ट्रेचर हातांवर घेऊन उतरतात. त्यात तास जातात. फोन केल्यापासून निदान सहा तास कोणी येणार नाही असं समजूनच प्रत्येक पाऊल टाका. परदेशातून सुट्टीला येणाऱ्यांसाठी एक, तिकडे वापरता तो सॅटेलाईट मेसेंजर किंवा सॅटेलाईट फोन परवानगीशिवाय भारतात आणणं बेकायदा आहे, त्यावरून लोकांना विमानतळावर अडवलेलं आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर इथला प्लॅन करू नका.

रेलिंग आणि लोखंडी शिड्यांबद्दल जाता जाता. कळसूबाईवर शिड्या आहेत म्हणून आजी-आजोबासुद्धा महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखरावर, १६४६ मीटरवर जाऊन येतात, छान आहे. पण रेलिंग रेलून बसायला किंवा त्यावर चढून फोटो काढायला नाही, आणि मे महिन्यात किंवा परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की हेच लोखंड सर्वात आधी सोडायचं आणि शिखर उतरायचं.

बुकिंग करताना आणि लीडर असाल तर

पोस्टरवर "सर्व सेफ्टी इक्विपमेंटसह, पहिल्यांदा येणाऱ्यांसाठीही" असं लिहून लिंगाणा किंवा एएमके विकलं जातं तेव्हा नेमका हाच सापळा लागतो. सामानाने तुमची दमछाक कमी होत नाही, उंचीची भीती जात नाही, घसाऱ्यावर (सुट्या दगडमातीच्या उतारावर) आडवं चालणं सोपं होत नाही. घसाऱ्यावर बहुतेक वेळा रोप लावायला जागाच नसते. म्हणून आयोजकाला सामानाची यादी विचारण्याआधी हे विचारा, किती जणांमागे किती लीडर, शेवटी कोण चालणार, मागच्या वेळी कुठल्या कारणाने माघारी फिरलात, आणि अर्ध्यातून परत आलो तर पैशाचं काय. मागे कधीच फिरलो नाही असं अभिमानाने सांगणारा आयोजक मी तरी टाळतो.

लीडर असाल तर हार्नेस पायथ्याशी वाटू नका. पॅचच्या तळाशी, जिथे लागणार तिथेच घालायला द्या आणि पॅच संपला की काढून घ्या. त्रास आहे, वेळ जातो, पण मग मुलं तो घालून टोकावर हिंडत नाहीत आणि हार्नेस म्हणजे रोपला जोडायची वस्तू एवढंच त्यांच्या डोक्यात बसतं. दुसरं म्हणजे सामान दाखवताना ते काय करत नाही हे आधी सांगा. "हे हेल्मेट आहे, हे तुला पडण्यापासून वाचवणार नाही." सुरुवातीला मुलं हसतात, पॅचखाली उभं राहिल्यावर तेच वाक्य एकमेकांना सांगतात. आणि ग्रुपमधला सर्वात घाबरलेला जो असेल त्याला "अरे रोप आहे ना, काही होत नाही" असं कधीच म्हणू नका, तो माणूस पूर्ण ग्रुपला उपयोगी आहे, त्याला काय खटकतंय ते विचारा, बऱ्याचदा त्याने बघितलेलं असतं ते बाकीच्यांना दिसलेलं नसतं.

आईबाबा वाचत असतील तर त्यांनाही सांगतो, मुलाला महागडे बूट आणि हेल्मेट घेऊन दिलंत ते चांगलं केलंत, पण निघताना "सगळं घेतलंयस ना" याच्या जोडीला "किती वाजता माघारी फिरणार आहेस" हेही विचारा, गाव कुठलं, वाट कुठली, सोबत कोण, हे लिहून घ्या आणि ठरल्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर आधी पायथ्याच्या गावातल्या माणसाला आणि मग ११२ ला कळवा. शेवाळलेल्या ओल्या कातळावर कुठलाच सोल धरत नाही, कितीही हजारांचा असो.

उतरून आलात की चहाच्या टपरीवरच पाच मिनिटं काढा, घरी गेल्यावर होत नाही. प्रत्येकाने सांगायचं, आज कुठे मी सामान होतं म्हणून पुढे गेलो. कोणाला रागवायचं नाही, नुसतं ऐकायचं आणि पुढच्या वेळी त्या जागी काय करायचं ते वहीत लिहायचं. त्याच वेळी सामानही बघून घ्या, हेल्मेटला तडा गेलाय का, रोप हाताखालून पूर्ण सरकवून कुठे मऊ किंवा चपटा लागतोय का, हार्नेसची शिवण उसवलीय का. जोराचा हिसका बसलेला रोप वापरातून काढायचा, आणि काढलेला रोप अख्खा ठेवायचा नाही, कापून तुकडे करायचे, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात कोणीतरी तोच चांगला आहे समजून पॅचवर लावायला घेऊन जातं.